सवतीच्या मुलासाठी

इ.स.पू. 31. गोबीच्या उत्तरेला श्योंग्नू या भटक्या टोळ्यांची छावणी. नमद्याच्या गोल तंबूत तुम्ही वाकून शिरता. मेंढीच्या चरबीचा आणि ओल्या लोकरीचा उग्र वास नाकात बसतो. इथे डावी बाजू मानाची. तिकडे फिरकू नका, दाराशीच थांबा.

अंथरुणावर हूहान्ये शेवटच्या घटका मोजतोय. हा शान्यू, सगळ्या टोळ्यांचा राजा. इ.स.पू. 57 मध्ये एकाच वेळी पाच जण स्वतःला शान्यू म्हणवत होते. त्या कापाकापीतून हा तगला, तो चीनच्या हान सम्राटाचं मांडलिकत्व पत्करून. थोरला भाऊ झिझी वाकला नाही. हान सैन्याने त्याचं मुंडकं कापून नेलं.

राजाला वारस हवाय ज्यूमोछ, थोरल्या राणीचा मुलगा. राणी हरखेल असं तुम्हाला वाटतं. ती चक्क नकार देते. दहा-बारा वर्षांची यादवी आत्ता कुठे निवली आहे, माझं पोर लहान, त्याला कोण जुमानणार? धाकटीच्या द्याओताओमोगाओला बसवा, तो वयाने मोठा आहे. धाकटी राणी म्हणजे तिची सख्खी बहीण. तीही अडून बसते: थोरलीचा मुलगा डावलला तर पुढे भांडणं होतील, कारभार सरदार सांभाळतील. सवतीच्या मुलासाठी एवढी रदबदली कुठल्या राजवाड्यात ऐकली आहे?

श्योंग्नूंना लिपी नव्हती. हा संवाद हान इतिहासकारांनी नोंदवला. त्यात थोडी रंगसफेदी असेलही. पण तोडगा खरा ठरला: गादी द्याओताओमोगाओला, त्याच्यामागून भावाला.

तंबूत तिसरीही एक आहे, वांग झाओजुन. दोनच वर्षांपूर्वी हान दरबाराने तिला इथे पाठवलं. बाप गेला की सावत्र आया मुलाच्या बायका होतात, ही इथली रीत. ती माहेरी परतायची परवानगी मागेल. उत्तर येईल, तिथल्या रीतीने राहा.

आता पाऊणशे वर्षं पुढे चला. धाकटीचे दोन मुलगे, मग थोरलीचे दोन, पुन्हा धाकटीचा एक, शेवटी आणखी एका राणीचा यू. सहा भाऊ ओळीने राज्य करून गेले. पण भाऊ संपल्यावर गादी कोणाची, हे कोणी ठरवलंच नव्हतं. यूने आपल्या मुलासाठी वाट मोकळी केली, झाओजुनला हूहान्येपासून झालेला मुलगा, म्हणजे आपलाच सावत्र भाऊ, मारून. बी नावाचा त्याचा पुतण्या खवळला. भावाभावांत गादी जायची तर झाओजुनच्या मुलाची पाळी होती; मुलांकडे यायची तर आधीच्या शान्यूचा थोरला मुलगा मीच, असा त्याचा रोकडा हिशेब. मला तो बिनतोड वाटतो.

इ.स. 46 मध्ये यू मेला आणि गादी त्याच्याच मुलाकडे गेली. दोन वर्षांनी बीने आजोबाचंच हूहान्ये हे नाव घेऊन दक्षिणेत स्वतःला शान्यू घोषित केलं आणि हान सम्राटाचा आश्रय घेतला. श्योंग्नूंची उत्तर आणि दक्षिण अशी दोन राज्यं झाली. ती पुन्हा एक झाली नाहीत.