रद्दीतून आले, रद्दीत गेले

आम्ही बदलापूरजवळच्या खरवईत वाढलो, तेव्हा ‘इंद्रजाल कॉमिक्स’ बंद पडून बरीच वर्षे झाली होती. तरी वेताळ आणि मॅन्ड्रेक आम्हाला भेटलेच. रद्दीवाल्याकडे, कधी मुखपृष्ठ नसलेले, कधी शेवटचे पान गळालेले. आमची शाळा उर्दू माध्यमाची. मराठी वाचनाची गोडी लागली ती या चित्रांच्या आधाराने. मग वहीची मधली पाने काढून, टाके घालून आम्ही स्वतःचे अंक काढू लागलो. आमचा वेताळ उर्दूत बोलायचा, म्हणून चौकटी उजवीकडून डावीकडे मांडाव्या लागत. ही कसरत आम्हाला कुणी शिकवली नव्हती. त्यातला एकही अंक आज शिल्लक नाही. ज्या रद्दीतून आले, त्याच रद्दीत गेले.

अशा अंकांना जगात ‘फॅनझीन’ म्हणतात. म्हणजे चाहत्यांनी चाहत्यांसाठी काढलेले नियतकालिक. हा शब्द 1940 साली अमेरिकेत रस शोव्हेने यांनी घडवला, पण अंक त्याआधीच निघत होते. क्लीव्हलँडचे जेरी सिगेल आणि जो शूस्टर ही स्थलांतरित ज्यू कुटुंबांतली शाळकरी मुले. त्यांनी सायक्लोस्टाइलवर ‘सायन्स फिक्शन’ नावाचा अंक काढला. त्याच्या जानेवारी 1933च्या अंकात त्यांचा ‘सुपरमॅन’ प्रथम आला, तोही खलनायक म्हणून! 1938 साली तो नायक होऊन छापील कॉमिक्समध्ये उतरला आणि जगभर गेला.

सायक्लोस्टाइलवर चित्र काढणे सोपे नव्हते. मेणकागदावर टोकदार लेखणी चालवायची. जोर कमी पडला तर रेष उमटत नाही, जास्त झाला तर कागद फाटून शाईचा डाग पडतो. त्यामुळे मोजक्या रेषांत काम भागवण्याची शिस्त हाताला लागे. मराठीतही अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ यांनी 1950च्या दशकात ‘शब्द’ हे अनियतकालिक सायक्लोस्टाइल करूनच काढले होते. शाळा-महाविद्यालयांच्या हस्तलिखितांची तर एकच प्रत निघे. ती हरवली की सारेच हरवले.

अमेरिकेत जेरी बेल्स या प्राध्यापकाने 1961 साली ‘ऑल्टर ईगो’ हे फॅनझीन सुरू केले. जुन्या कॉमिक्सवर अनेकदा चित्रकाराचे नावच नसे. बेल्स यांनी ती नावे शोधून त्यांची सूची सिद्ध केली. चाहत्याचे प्रेम इतिहासाच्या कामी येते, ते असे.

आपल्याकडे आबिद सुरतींचे उदाहरण बोलके आहे. त्यांचा जन्म 1935चा, बालपण मुंबईतले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात गोदीतून व्हीटीकडे गोऱ्या सैनिकांच्या गाड्या जात. मोहल्ल्यातली पोरे काही मिळेल म्हणून त्यांच्यामागे धावत. एका सैनिकाने एक कॉमिक फेकले, पोरांची झोंबाझोंबी झाली आणि आबिदच्या हाती एकच पान लागले, मिकी माऊसचे. ते गिरवता गिरवता हा मुलगा चित्रकार झाला. पुढे जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, ‘धर्मयुग’मधले ‘ढब्बूजी’, आणि 1976 साली ‘इंद्रजाल’साठी ‘बहादुर’: डाकूचा मुलगा, अंगात कुर्ता, खाली जीन्स, आणि काम डाकूंपासून गावाचे रक्षण. कथा सुरतींची, रेखाटन गोविंद ब्राह्मणिया यांचे. 1964 पासून परदेशी वीरांवर चाललेल्या ‘इंद्रजाल’ला असा देशी नायक लाभला. ‘अमर चित्र कथे’तली मीराबाई रेखाटली तीही युसूफ या चित्रकाराने. आमच्या किती विद्यार्थ्यांना ही नावे ठाऊक आहेत?

काही पालक म्हणतात, तस्वीर काढणे आपल्यात बसत नाही. त्यांच्या श्रद्धेचा आम्हाला आदर आहे, त्यावर वाद घालण्याचा आमचा अधिकार नाही. पण मुस्लिम समाजाचा चित्रांशी संबंधच नव्हता, असे मात्र इतिहास सांगत नाही. अकबराच्या चित्रशाळेत 1562च्या सुमारास ‘हम्जानामा’ सुरू झाला. मीर सय्यद अली आणि अब्दुस्समद यांच्या देखरेखीखाली सुमारे 1400 चित्रे तयार झाली. पुढे चित्र आणि मागे मजकूर. एकाने चित्र दाखवावे, दुसऱ्याने दास्तान वाचावी. त्यांतली आज दोनशेहून कमी उरली आहेत. 1881 साली काही पाने श्रीनगरात सापडली, ती खिडक्या झाकायला लावलेली होती! बादशहाच्या कलेची ही गत, तिथे आमच्या टाके घातलेल्या वह्यांचे काय?

‘इंद्रजाल’च्या चाहत्यांनी पुढे जुने अंक शोधून, स्कॅन करून जपले. छापलेले वाचले, हाताने काढलेले वाचले नाही. मोहल्ल्यातल्या मुलांनी काय पाहिले, कशाला हसली, कुणाला नायक मानले, हे त्या पानांवरच होते. दंगली आणि निवडणुकांखेरीज आमचा जो इतिहास आहे, तो असा कुणी न जपलेल्या कागदांवर लिहिलेला आहे.

आता वर्गातली मुले भिंतीवर रिसाला लावतात. ज्यांना माणसे काढायची नसतात, ती झाडे, गाड्या आणि अक्षरे काढतात. महिनाअखेरीस कागद उतरवले की त्यांच्या मागे मुलाचे नाव, इयत्ता आणि तारीख लिहून आम्ही ते एका पत्र्याच्या पेटीत ठेवतो. फार मोठे काम नाही हे. पण प्रत्येक शाळेत अशी एक पेटी असावी, असे आम्हाला मनापासून वाटते.