१९७४चा मे महिना, रेल्वेचा संप आणि लश्करातलं माहेर



मागच्या आठवड्यात माळ्यावरची ट्रंक आवरताना माझी १९७४ची खर्चाची वही सापडली. बी.कॉम. झालेला बँकेतला माणूस, त्यामुळे पै-पैचा हिशोब लिहून ठेवायची खोड जुनीच. मे महिन्याच्या पानावर ओळीने नोंदी आहेत: डिंक, खारीक, अळीव, तार, तार, मलमल, तार, टांगा. आमच्या थोरल्या लेकीच्या जन्माची सगळी हकिगत एवढ्यातच आहे. आणि थोडी आपल्या ग्वाल्हेरकर मराठी मंडळींचीही आहे, म्हणून इथे लिहितो.

सौ. पुण्याची. पहिलं बाळंतपण माहेरी, हे लग्नातच ठरल्यासारखं होतं. सातव्या महिन्यात डोहाळजेवण इथेच झालं. ती शाळेत शिकवायची, परीक्षा आणि निकाल होईतो आठवा लागला. आठव्यात प्रवास नको, असं दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांचं एकमत. डॉक्टरीण बाईंना हा हिशोब काही पटला नव्हता, पण आमच्यापुढे त्यांचं चाललं नाही. शेवटी १० मेचं पंजाब मेलचं कल्याणपर्यंतचं रिझर्वेशन केलं, तिथून पुढे पुणे.

आणि ८ मेला देशभर रेल्वेचा संप सुरू झाला.

तरुण मंडळींना कल्पना यायची नाही. जवळजवळ सतरा लाख कामगार संपावर. रेल्वे कामगारांच्या फेडरेशनचे अध्यक्ष जॉर्ज फर्नांडिस यांना सरकारने २ मेलाच अटक केली होती. महागाईने सगळेच पिचलेले, डालडा आणि रॉकेलसाठी रांगा, त्यामुळे बँकेत आमची सहानुभूती संपवाल्यांकडेच होती. मी स्वतः युनियनचा वर्गणीदार. पण घरी बायको बांधलेल्या ट्रंकेवर बसून रडते आहे, आणि काही थोड्या गाड्या धावल्या तरी त्यात नऊ महिन्यांच्या गर्भारणीला कोण चढवणार? संपाला पाठिंबा द्यायचा की शिव्या, हे मला त्या दिवसांत ठरवता आलं नाही, खरं सांगतो.

पुण्याला तार केली. तिकडून तार आली की आई निघू शकत नाही. बाळंतविडा, काढ्याची औषधं, दुपटी, टोपडी, सगळं पुण्यात भरून तयार. इकडे माझी आई मी लहान असतानाच गेलेली. घरात मी, वडील आणि सौ. बाळाला लंगोट किती लागतात, हेसुद्धा दोघा पुरुषांना ठाऊक नव्हतं. मी मलमल आणली ती दोन मीटर. दुकानदार हसला.

समोरच्या वाड्यात एक आजी राहायच्या. वय पंचाहत्तरच्या पुढे. त्या काठी टेकत आल्या, सौ.च्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "रडतेस कशाला गं? मी तेरा वर्षांची इथे आले, वाईहून. चार बाळंतपणं झाली, चारही याच गल्लीत. आईला बातमी जायची ती कार्डावर. तिने माझ्या एकाही पोराला तान्हं पाहिलं नाही." सौ. रडायची थांबली. मला मात्र त्या शेवटच्या वाक्याने गलबलून आलं. आजींनी ते इतकं सहज सांगितलं होतं.

पुढे मी याचा विचार करत राहिलो. आपलं शहर मुळात लष्कराची छावणी. १८१०मध्ये दौलतराव शिंद्यांचा तळ किल्ल्याच्या पायथ्याशी पडला, उज्जैनहून राजधानी इथे आली आणि तळाचं नावच गावाला पडलं. शिपायांमागून कारकून, पुजारी, वैद्य, कीर्तनकार आले, त्यांची कुटुंबं आली. रेल्वे ग्वाल्हेरला आली १८८०च्या आसपास. त्याआधीची पाऊणशे वर्षं सातारा-पुण्याकडून दिलेली लेक बैलगाडीने माहेरी बाळंतपणाला जाणार तरी कशी? म्हणून मग सोयरिकी इंदूर, देवास, झाशी, सागरकडे व्हायला लागल्या, आणि जिचं माहेर दख्खनेतच राहिलं तिचं सगळं शेजारणींनी केलं. माहेरच्या बाळंतपणाचा आग्रह आपण धरतो खरा, पण लश्करात तो पुरा झाला तो बहुतेक रेल्वेच्या भरवशावर. ती थांबली आणि आम्ही एकदम दौलतरावांच्या काळात जाऊन पडलो.

पाळण्याची चिंता राजवाड्यालाही काही कमी नव्हती. महादजींना मुलगा नाही म्हणून १७९४मध्ये दत्तक दौलतराव, १८२७मध्ये दत्तक जनकोजीराव, १८४३मध्ये दत्तक जयाजीराव. लागोपाठ तीन पिढ्या. तिसऱ्या दत्तकानंतर कारभार कोणी पाहायचा यावर असा वाद पेटला की इंग्रज फौज घेऊन आले, आणि २९ डिसेंबर १८४३ या एकाच दिवशी महाराजपूर आणि पनिहार अशा दोन लढाया झाल्या. पुढे माधवराव महाराजांनाही मूल उशिराच झालं. पहिली लेक १९१४ची, मुलगा १९१६चा. इंग्लंडच्या राजाराणीवरून नावं ठेवली, मेरी कमलाराजे आणि जॉर्ज जिवाजीराव. गंमत बघा, जॉर्ज फर्नांडिसांच्या आईनेही मुलाचं नाव त्याच पाचव्या जॉर्जवरून ठेवलं होतं. एक जॉर्ज आमच्या गादीवर बसला, दुसऱ्याने आमची गाडी अडवली.

असो. आजींनी कामं वाटून दिली. शेजारच्या हिंदी भाभींनी सुंठीचे लाडू आणि हरीऱ्याचं सामान आणलं. आजी म्हणाल्या डिंक-अळीव, भाभी म्हणाल्या सोंठ, शेवटी दोन्ही झालं. १८ मेला, शनिवारी, मी अंगणात खलबत्त्यात डिंक कुटत होतो आणि वडिलांनी आतून ओरडून सांगितलं की रेडिओवर बातमी आहे, पोखरणला अणुस्फोट झाला. आजींनी विचारलं, "गाड्या सुरू झाल्या का?" नाही म्हटल्यावर त्या पुन्हा खारका फोडायला लागल्या.

माझ्या दोन मीटर मलमलीचं फार काही होणार नव्हतंच. आजींनी वडिलांची जुनी धोतरं मागून घेतली आणि दोन दिवसांत लंगोटांची चळत रचली. कुंची केली ती त्यांच्या स्वतःच्या चंदेरीची. चंदेरी आपल्याच संस्थानातली, लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला त्यांना मिळालेली. विरली होती, पण जरीचा काठ शाबूत. ती फाडू नका असं सौ.ने परोपरीने सांगितलं. आजींनी कात्री चालवली.

२३च्या रात्री दोनच्या सुमारास कळा सुरू झाल्या. म्हणजे पंधरवडा आधीच. जनकगंजात त्या वेळी वाहन कुठलं? भाभींचे यजमान जाऊन टांगेवाल्याला उठवून घेऊन आले. सौ. मध्ये, एका बाजूला आजी, दुसऱ्या बाजूला भाभी, मी पुढे टांगेवाल्याजवळ. कंपूचा चढ आला तसा घोडा थकला आणि मी उतरून चालायला लागलो. गेलो कमलाराजा रुग्णालयात. माधवराव महाराजांच्या त्याच पहिल्या लेकीचं नाव. ती बिचारी ऐन तारुण्यात, १९३४मध्ये गेली. तिच्या आई गजराराजे, त्यांच्या नावाचं वैद्यकीय महाविद्यालय १९४६पासून शेजारीच आहे. मायलेकींची नावं अशी एका आवारात.

सकाळी सात वाजता आतून बाई आल्या, "बाबूजी, बधाई हो, लक्ष्मी आई है." मी पाच रुपये दिले. वहीत ते लिहायचे राहिले, आता आठवलं.

घरी आणल्यावर खरी अडचण आली. आपल्याकडची बाळंतीण म्हणजे शेक, शेगडी, धुरी, डोक्याला घट्ट फडकं. बाहेर लू वाहत होती, पारा पंचेचाळिशीच्या घरात. वडील निखारे फुलवायला निघाले तशा आजी कडाडल्या, "पोरीला भाजून काढायचंय का? हे वाई नाही!" दाराला खसची टट्टी लावली, मी दर तासाला तिच्यावर पाणी मारायचो. धुरी फक्त पहाटे, ओवा-बाळंतशेपेची, चिमूटभर. हा नियम म्हणे त्यांच्या सासूबाईंचा, उन्हाळी बाळंतिणीसाठीचा. कोणत्याही पुस्तकात नसेल.

२७ मेला संप मागे घेतला. सासूबाई मिळेल त्या गाडीने, अर्धा प्रवास उभ्याने करून, बारशाच्या आदल्या दिवशी पोचल्या. बँकेतल्या मित्रांनी तोवर मुलीचं नाव 'हड़ताली' करून टाकलं होतं. सासूबाईंनी हातपाय धुऊन आधी नात घेतली, तिच्या अंगावरची चंदेरीची कुंची पाहिली, काठावरून बोट फिरवलं. मग ट्रंक उघडून आपण शिवलेली खणाची कुंची काढली आणि तशीच पुन्हा आत ठेवली.

दुसऱ्या दिवशी पाळण्याजवळ त्यांनी आजींना हाताला धरून आणलं आणि माहेरची ओटी त्यांच्याकडून भरवून घेतली. आजी नको नको म्हणत होत्या. सासूबाई म्हणाल्या, "आई तुम्हीच होतात, मी पाहुणी म्हणून आलेय."

खणाची कुंची दोन वर्षांनी धाकट्याच्या वेळी वापरली. चंदेरीची ट्रंकेत आहे, वहीच्या खालीच निघाली. जर काळी पडली आहे.