असईचा सेनापती आणि बर्फातले नाव

माणसांपेक्षा त्यांच्या नावांचे प्रवास अधिक चमत्कारिक असतात. ज्या भूमीवर माणसाने कधी पाऊल ठेवले नाही, तिथे त्याचे नाव ठाण मांडून बसते. आमच्या जालना जिल्ह्याचा आणि उत्तर ध्रुवाकडील हिमसागराचा संबंध आहे, असे मी म्हणालो तर वाचक हसतील. पण कॅनडाच्या उत्तर टोकाचा नकाशा उघडावा. डेव्हन आणि कॉर्नवॉलिस या दोन ओसाड बेटांमधून एक सामुद्रधुनी उत्तरेकडे जाते. तिचे नाव वेलिंग्टन चॅनल. हा वेलिंग्टन म्हणजे आमच्या असईच्या माळावर शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेला आर्थर वेलस्ली!

सन १८०३ च्या सप्टेंबर महिन्यातली गोष्ट. बदनापूर येथे वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन यांची भेट झाली. दोघांनी दोन वाटांनी जावे आणि २४ तारखेला भोकरदनच्या बाजूला मराठ्यांवर एकदम तुटून पडावे, असा बेत ठरला. पण आदल्या दिवशीच वेलस्लीला समजले की मराठ्यांची छावणी जवळच, केळणा आणि जुई या नद्यांच्या दरम्यान पसरली आहे. स्टीव्हन्सनची वाट न पाहता त्याने लढायचे ठरवले. वाटाडे म्हणाले, पुढे नदीला उतार नाही. वेलस्लीने पाहिले, तर दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावे! गावे अशी वसली म्हणजे माणसांचे येणेजाणे असणारच, असा त्याने तर्क केला. आपल्याकडच्या कोणत्याही शेतकऱ्याने हेच सांगितले असते. उतार सापडला आणि फौज पार झाली.

संध्याकाळपर्यंत इंग्रजांचा जय झाला, पण त्यांचे मेलेले आणि जखमी मिळून दीड हजारांवर गेले. याचे श्रेय शिंद्यांच्या गोलंदाजांना द्यायला हवे. ते तोफा सोडून हटले नाहीत. काहीजण तोफांखाली मेल्यासारखे पडून राहिले आणि शत्रू पुढे गेल्यावर उठून त्याच्या पाठीवर त्याच तोफा डागू लागले, असे इंग्रजांनीच लिहून ठेवले आहे. पुढे वेलस्ली १८१४ मध्ये ड्यूक झाला आणि १८१५ मध्ये त्याने वॉटर्लूला नेपोलियनला हरवले. तरीही तुमची सर्वांत उत्तम कामगिरी कोणती, या प्रश्नाला उतारवयात त्याने 'असई' असे उत्तर दिले, असे सांगतात.

आता बर्फाकडे वळू. युरोपातून उत्तरेकडून आशियाला जाण्याची जलवाट इंग्रज शोधत होते. १८१८ मध्ये कप्तान जॉन रॉस लँकेस्टर साउंडच्या तोंडाशी पोहोचला. समोर त्याला डोंगरांची रांग दिसली. आरमारखात्याचा चिटणीस क्रोकर याचे नाव तिला देऊन रॉस परत फिरला. दुसऱ्या वर्षी विल्यम एडवर्ड पॅरी 'हेक्ला' आणि 'ग्रायपर' ही जहाजे घेऊन आला आणि त्या डोंगरांमधून सरळ पुढे गेला, कारण तिथे डोंगर नव्हतेच! पुढे उत्तरेला त्याला रुंद, मोकळे पाणी दिसले. वेलिंग्टन तेव्हा ब्रिटनच्या तोफखाना-खात्याचा प्रमुख होता. पॅरीने त्या पाण्याला त्याचे नाव दिले. मग त्याने मेल्विल बेटाजवळ हिवाळा काढला. जवळजवळ तीन महिने त्याला आणि त्याच्या खलाशांना सूर्य दिसला नाही.

१८४५ मध्ये सर जॉन फ्रँकलिन याच मार्गाने गेला. वेलिंग्टन चॅनलमधून तो ७७ अंश अक्षांशापर्यंत चढला आणि परतून चॅनलच्या तोंडाशी असलेल्या बीची बेटावर हिवाळ्यासाठी थांबला. त्याचे १२९ लोक होते. त्यांतला एकही घरी परतला नाही. १८५० मध्ये जवळच्याच केप रायली या भूशिरावर त्यांचे पहिले अवशेष सापडले. बीची बेटावर १८४६ साली मेलेल्या तिघांच्या कबरी आहेत. लाकडी फळ्यांवर त्यांची नावे कोरलेली होती : टॉरिंग्टन, हार्टनेल, ब्रेन. साधे खलाशी आणि शिपाई ते, पण सोबत्यांनी त्यांची नावे राखली.

इथे माझे मन असईकडे वळते. वेलिंग्टनचे नाव त्याने कधी न पाहिलेल्या पाण्याला मिळाले. क्रोकरचे नाव तर नसलेल्या डोंगराला मिळाले. पण तोफेखाली पडून पुन्हा उठलेल्या त्या गोलंदाजांपैकी एकाचेही नाव आपल्या तोंडी नाही. त्यांना सोबती नव्हते थोडेच! पण फळी कोरायला मागे कोण उरले?

वेलिंग्टन चॅनलच्या पश्चिमेस, कॉर्नवॉलिस बेटावर रेझोल्यूट नावाचे एक लहानसे गाव आहे. इंग्रजांच्या एका जहाजावरून ते नाव पडले. पण १९५३ मध्ये दक्षिणेकडून तिथे आणून वसवलेल्या इनुइट लोकांनी हिवाळ्यातला तो लांब अंधार भोगला आणि आपल्या भाषेत त्या जागेला नाव दिले. त्याचा अर्थ, जिथे पहाट होत नाही ती जागा. नकाशा करणारे वरिष्ठांची नावे ठेवतात. राहणारे जे सोसतात त्याचे नाव ठेवतात.

दिवाळीच्या पणत्या लावताना वाचकांनी एक पणती असईच्या त्या अनामिक गोलंदाजांसाठीही लावावी, एवढेच माझे मागणे आहे.