ग्रंथकाराची विनंती

छपाई येण्यापूर्वी मराठी रचनाकाराला स्वतःविषयी बोलण्यासाठी परंपरेने एक जागा नेमून दिली होती आणि ती बहुधा रचनेच्या अखेरीस असे. अभंगाच्या शेवटच्या चरणात कवीने आपले नाव गुंफण्याच्या रीतीला नाममुद्रा म्हणतात. नामदेवांपासून तुकारामांपर्यंत ती अखंड चालत आली आणि एकनाथांनी तर आपल्या नावाला गुरू जनार्दनस्वामींचे नाव जोडून ‘एका जनार्दनी’ अशी मुद्रा सिद्ध केली. पोथ्यांमध्ये नाममुद्रेच्या जोडीला फलश्रुती येई, म्हणजे ग्रंथाच्या पठणाने, श्रवणाने वा लेखनाने कोणते फळ मिळते याचे कथन. श्रीधरांनी शके 1640 मध्ये, म्हणजे इ. स. 1718 मध्ये, बारामतीस पूर्ण केलेले ‘शिवलीलामृत’ आजही घरोघरी वाचले जाते, त्याच्या प्रसारात अशा कथनाचा वाटा लहान नाही. फलश्रुतीला केवळ श्रद्धेचा भाग मानून बाजूला सारणे योग्य ठरणार नाही, कारण हाताने उतरवलेल्या प्रतींवाचून ग्रंथ दुसऱ्या गावी पोहोचतच नव्हता आणि प्रत उतरवणाऱ्याला पुण्याचे आश्वासन देणे हाच त्या काळी ग्रंथप्रसाराचा उपाय होता. त्यात थोरवी सांगितली जाई ती ग्रंथाची. कवी मात्र स्वतःला मंदमती म्हणवून घेई.

एकोणिसाव्या शतकात छापखाना आला आणि हे सारे बदलले. कागद, जुळणी आणि बांधणी यांचा खर्च पुस्तक विकले जाण्यापूर्वीच करावा लागे, त्यामुळे ग्रंथकाराला आधी वर्गणीदार, म्हणजे आगाऊ रक्कम किंवा निदान मागणी नोंदवणारे ग्राहक, शोधणे भाग पडले. नियतकालिकांचीही हीच स्थिती होती. 6 जानेवारी 1832 रोजी मुंबईत ‘दर्पण’ सुरू करणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांनाही वर्गणीदारांच्याच आधारावर उभे राहायचे होते. या गरजेतून विनंतीची एक ठरीव भाषा तयार झाली. प्रस्तावनेत ग्रंथकार आपल्या श्रमाला ‘अल्प प्रयत्न’ म्हणे, वाचकांनी हंसक्षीरन्यायाने, म्हणजे हंस पाणी सोडून दूध घेतो त्याप्रमाणे, दोष सोडून गुण घ्यावेत असे विनवी आणि ‘उदार आश्रय’ मागे. ज्यांनी तो दिला त्यांची नावे आश्रयदात्यांच्या यादीत छापली जात. ही नम्रता पुष्कळदा साचेबंद होती हे खरे, परंतु तिच्यामागचा व्यवहार प्रामाणिक होता, कारण मागणारा कोण, मागतो काय आणि कशासाठी हे एकाच पानावर उघड असे.

न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांनी फेब्रुवारी 1878 मध्ये ‘ज्ञानप्रकाश’मधून आवाहन करून 11 मे रोजी पुण्यात ग्रंथकारांची सभा भरवली, तेव्हा या विनंतीला सामुदायिक रूप आले. एकेकट्या लेखकाने दारोदार जाण्याऐवजी ग्रंथप्रसाराचा प्रश्न सर्वांनी मिळून हाती घ्यावा, हा त्यामागचा विचार होता आणि आजच्या साहित्य संमेलनाचा उगम त्याच सभेत आहे. पुढे नियतकालिकांत ‘साभार पोच’ हे सदर रूढ झाले. लेखकाने किंवा प्रकाशकाने परीक्षणार्थ दोन प्रती पाठवाव्यात, संपादकाने त्या मिळाल्याची नोंद नाव, लेखक, पाने व किंमत देऊन करावी आणि परीक्षण येईल की नाही, अनुकूल येईल की प्रतिकूल, हे सर्वस्वी त्याच्यावर सोडावे, असा तो संकेत होता. लेखकाने पुस्तक पाठवणे शिष्टसंमत होते; अभिप्रायासाठी तगादा लावणे मात्र कमीपणाचे मानले जाई.

या संकेतांची खरी कसोटी श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या कार्यात लागली. ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ हा तेवीस खंडांचा प्रकल्प राजाश्रयावाचून उभा करायचा, तर लाजून चालणार नव्हते. केतकरांनी मर्यादित जबाबदारीची कंपनी स्थापून तिचे भाग विकले, गावोगाव हिंडून ग्राहक मिळवले, आणि ज्या समाजात विद्वानाने विक्रीची गोष्ट काढणे हलके समजले जाई, त्या समाजात संपादकानेच विक्रेत्याचे काम पत्करले. काम संपत आल्यावर त्यांनी ‘माझे बारा वर्षांचे काम’ या पुस्तकात ज्ञानकोश मंडळाचा इतिहास अडचणींसह वाचकांपुढे मांडला. स्वतःच्या ग्रंथाचा इतक्या उघडपणे पुरस्कार करणारा आणि त्याचा हिशेब इतक्या उघडपणे देणारा दुसरा मराठी ग्रंथकार सहज आढळत नाही. आत्मप्रौढीचा आक्षेप त्यांच्यापुढे टिकत नाही तो याच कारणाने.

समाजमाध्यमांवर आपल्या लेखाचा दुवा देणारा आजचा लेखक याच परंपरेत येतो, म्हणून त्याने संकोच करण्याचे कारण नाही. स्वतःच्या भिंतीवर लेख लावणे ही जाहीर विनंती आहे आणि प्रकाशनपूर्व सवलतीच्या पत्रकाइतकीच ती रास्त आहे. दुसऱ्याच्या लेखाखाली, विषयाशी संबंध नसताना, आपला दुवा चिकटवणे किंवा न विचारता शंभर जणांची नावे जोडून त्यांना वाचावयास भाग पाडणे, याला मात्र या दीर्घ इतिहासात कोठेही आधार सापडत नाही.