नंबर आठच होता, मग जखम का झाली?

परवा ओपीडीत साठीचे एक काका आले. मधुमेह पंधरा वर्षांचा. मुलीच्या लग्नासाठी त्यांनी नवे लेदरचे बूट घेतले होते. सकाळच्या मुहूर्तापासून रात्रीच्या पाठवणीपर्यंत ते पायातच होते. रात्री काकूंना मोज्यावर रक्ताचा डाग दिसला. करंगळीच्या बाहेरच्या बाजूला रुपयाएवढी जखम झाली होती.

"दुखलं नाही का काका?"

"छे हो डॉक्टर, जरासुद्धा नाही." आणि मग तक्रारीच्या सुरात, "नंबर तर आठच आहे माझा. चाळीस वर्षं आठच घालतोय."

न दुखण्याचं कारण मधुमेह. त्याकडे शेवटी येतो. आधी त्या आठ नंबराविषयी बोलू, कारण जखमेचं अर्धं उत्तर तिथे आहे. तो आकडा काकांच्या पायाचा नव्हता. तो दुसऱ्याच एका पायाचा होता, पूर्वी लाकडाच्या आणि आता प्लॅस्टिकच्या. बूट बनवणारे कारागीर त्याला फर्मा म्हणतात. उत्तरेकडे कालबूत असाही शब्द आहे.

बूट शिवतात कसा ते थोडक्यात सांगतो. वरचं चामडं, म्हणजे अपर, फर्म्यावर चढवून घट्ट ओढतात. त्याची कड खाली वळवून इनसोलला चिकटवतात किंवा ठोकतात. मग सोल लावतात. चामडं त्या आकारात बसलं की फर्मा बाहेर काढतात. म्हणजे आपण बुटात पाय घालतो तेव्हा फर्म्याने रिकामी केलेली जागा आपल्याला मिळते. फर्म्याचा चवडा आपल्या चवड्यापेक्षा निमुळता असेल, तर तडजोड कोणी करायची? चामडं थोडी करतं, बाकीची पाय करतो.

नंबराचा हिशोबही फर्म्याचाच आहे. आपल्याकडे चालणाऱ्या ब्रिटिश पद्धतीत शून्य नंबर म्हणजे ४ इंच. पुढे प्रत्येक नंबराला इंचाचा एक तृतीयांश वाढतो (ही जवाच्या एका दाण्याची लांबी, असं जुनं माप आहे). लहान मुलांचे तेरा नंबर संपले की मोठ्यांचे पुन्हा एकपासून सुरू होतात. तेव्हा मोठ्यांचा आठ म्हणजे ४ इंच अधिक २१ जवाचे दाणे, एकूण ११ इंच लांबीचा फर्मा. रुंदी या हिशोबात कुठेच नाही! परदेशात काही कंपन्या रुंदीसाठी वेगळी अक्षरं देतात. आपल्या बहुतेक दुकानांत मात्र "कितवा नंबर?" एवढाच प्रश्न असतो.

हा फर्मा असा का झाला, याची गोष्ट मला एखाद्या आजाराच्या इतिहासाइतकीच रंजक वाटते.

मध्ययुगीन युरोपातला जोडा मऊ असे. तो फर्म्यावर उलटा शिवायचे आणि शिवून झाला की पिशवीसारखा सुलटा करायचे. फर्मा काढणं ही अडचणच नव्हती. पण मऊ जोडा म्हणजे निरोगी पाय, असं समजू नका. चौदाव्या शतकात लांब टोकदार जोड्यांची फॅशन आली. इंग्लंडमधल्या केंब्रिज शहरात आणि आसपास सापडलेल्या १७७ सांगाड्यांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. अकराव्या ते तेराव्या शतकातल्या सांगाड्यांपैकी ६ टक्क्यांमध्ये पायाचा अंगठा बाकीच्या बोटांकडे कललेला होता. चौदाव्या-पंधराव्या शतकातल्या सांगाड्यांत हेच प्रमाण २७ टक्के निघालं. या विकाराला आम्ही हॅलक्स व्हॅल्गस म्हणतो. अंगठ्याच्या मुळाशी बाहेर आलेला तो टणक उंचवटा तुम्ही घरातल्या कुणाच्या तरी पायावर पाहिला असेल. खेड्यातल्या दफनभूमीत तो जवळजवळ नव्हता. सर्वांत जास्त सापडला शहरातल्या मठाच्या आवारात. संन्यासी आणि श्रीमंत आश्रयदाते तिथे पुरलेले होते.

(अनुवंशिकतेचा यात मोठा वाटा असतो. आईला असेल तर मुलीला होण्याची शक्यता जास्त. त्यामुळे सगळा दोष बुटावर टाकू नका. पण दोनशे वर्षांत सगळ्या शहराची अनुवंशिकता बदलत नाही.)

साधारण १५०० च्या सुमारास वेल्टचे जोडे आले. यात अपर, इनसोल आणि चामड्याची एक पट्टी एकत्र शिवून त्या पट्टीला जाड सोल जोडतात. जोडा टिकाऊ झाला, पण तो आता उलटा-सुलटा करता येईना. पुढे १६०० च्या सुमारास उंच टाच आली आणि एक गंमत झाली. टाचेच्या प्रत्येक उंचीला वेगळा फर्मा लागतो. त्यात डाव्या-उजव्याचे वेगळे ठेवायचे तर खर्च दुप्पट. कारागिरांनी सोपा मार्ग काढला: दोन्ही पायांना एकच सरळ फर्मा. पुढची दोनशे वर्षं युरोपातले बहुतेक लोक डावं-उजवं नसलेले जोडे घालत होते. आपल्या पारंपरिक मोजडीतही डावं-उजवं नसतं, पण तिचं चामडं मऊ असतं, ते पायाचा आकार घेतं. जाड सोलच्या बुटाकडून ती अपेक्षा करता येत नाही.

याविरुद्ध पहिला मोठा आवाज उठवला तो एका डॉक्टरने. पेट्रस कॅम्पर हे हॉलंडचे नामांकित शरीररचनातज्ज्ञ. १७८१ मध्ये त्यांनी जोड्यांच्या उत्तम आकारावर चक्क एक प्रबंध लिहिला. विद्यार्थ्यांना दाखवायचं होतं की कितीही क्षुल्लक वाटणारा विषय अभ्यासाला अयोग्य नसतो. घोडे आणि खेचरांच्या खुरांचा विचार मोठमोठ्या लोकांनी केला, माणसाच्या पायाचा कुणी केला नाही, असा त्यांचा टोमणा होता.

पण डावं-उजवं परत आलं ते बऱ्याच अंशी एका यंत्रामुळे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सचे थॉमस ब्लँचर्ड यांनी १८१९-२० च्या सुमारास एका वेगळ्याच लेथचं पेटंट घेतलं. तो होता बंदुकीचे दस्ते कोरण्यासाठी. एका बाजूला नमुना फिरतो, त्यावर एक चाक टेकलेलं असतं. नमुन्याच्या चढउताराप्रमाणे ते चाक आतबाहेर होतं आणि दुसऱ्या बाजूला पातं कोऱ्या लाकडात तोच आकार कोरतं. वेडावाकडा आकार हुबेहूब उतरवण्याची युक्ती सापडली, आणि ती लगेच फर्म्यांसाठी वापरली गेली. पुढे अशा यंत्रांवर उजव्यावरून डावा आणि एका नमुन्यावरून लहान-मोठे सगळे नंबर काढता येऊ लागले. सोय मोठी झाली. पण डॉक्टर म्हणून मला इथे एक खोट दिसते. आठ नंबरचा पाय म्हणजे पाच नंबरच्या पायाची मोठी केलेली प्रत नसते. त्याच लांबीचे दोन पाय शेजारी ठेवले तर एकाचा चवडा फताडा आणि दुसऱ्याचा चिंचोळा निघतो.

आता फर्मा बाहेर काढण्याची अडचण. बूट जितका बंद आणि अंगाबरोबर, तितका फर्मा आत अडकणार. जुन्या कारागिरांनी फर्म्याच्या वरच्या बाजूची एक पाचर वेगळी कापून ठेवली होती. आधी पाचर काढायची, मग मोकळ्या झालेल्या जागेतून उरलेला फर्मा. हाताने दिवसाला मोजके जोड करणाऱ्याला ते चालून गेलं. कारखान्यात ते परवडेना. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बिजागरीचा फर्मा रुळला. त्याच्या कमरेत, म्हणजे चवडा आणि टाच यांच्या मधे, वरून इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच असते आणि आत स्प्रिंग. टाचेचा भाग वर उचलला की खाच मिटते, फर्म्याची लांबी कमी होते, टाच मोकळी होते आणि पुढचा भाग पाठोपाठ सरकत येतो. सोडला की खट्कन पुन्हा सरळ. आज प्लॅस्टिकच्या फर्म्यांतही हीच बिजागरी असते.

ही बिजागरी हातात घेऊन पाहिली की एक गोष्ट लक्षात येते. ती जिथे वाकते तिथे आपला पाय फारसा वाकत नाही. आपण पाऊल टाकताना वाकतो तो बोटांच्या मुळाशी, चवड्यात. टाच उचलते, बोटं पसरतात, अंगठा जमीन रेटतो. फर्मा नेमका तिथे एकसंध, ठोकळ्यासारखा. त्याचा सांधा बुटातून निघण्यासाठी आहे, चालण्यासाठी नाही.

कारखान्याने आणखी एक गोष्ट बदलली. हाताने काम करणारा कारागीर गिऱ्हाइकाच्या पायाला गाठ किंवा भोवरी असेल तर फर्म्यावर त्याच जागी चामड्याचा तुकडा ठोकून तो फुगवत असे. तो फर्मा त्या माणसाचा होई. १८८३ मध्ये जॅन मॅट्झेलिगर या सुरिनाममध्ये जन्मलेल्या तरुणाला लिन गावात अपर फर्म्यावर ओढणाऱ्या यंत्राचं पेटंट मिळालं. निष्णात कारागीर दिवसाला पन्नासेक जोड ओढायचा. यंत्र शेकड्यांनी ओढू लागलं, सातशेपर्यंत. गरिबाच्या पायात बूट आला, हे या यंत्राचं फार मोठं काम आहे आणि ते विसरून चालणार नाही. पण मॅट्झेलिगरना ते वैभव पाहायला मिळालं नाही. क्षयाने १८८९ मध्ये त्यांचा मृत्यू झाला, वय अवघं ३६. आणि यंत्राला गाठ किंवा भोवरी दिसत नसल्याने फर्म्याने पायाशी जुळवून घेण्याऐवजी पायालाच फर्म्याशी जुळवून घ्यावं लागलं.

डॉक्टर मधूनमधून ओरडत होतेच. झुरिकचे शरीररचनातज्ज्ञ हेर्मान फॉन मायर यांनी १८५८ मध्ये जोड्याच्या योग्य आकारावर पुस्तिका लिहिली. टाचेच्या मध्यापासून निघालेली सरळ रेषा अंगठ्यातून गेली पाहिजे, हे त्यांचं सूत्र. बाजारातल्या बुटाचं टोक मात्र मधोमध असतं, त्यामुळे अंगठा आत ढकलला जातो. फॅशनपुढे कोणी त्यांचं फारसं ऐकलं नाही. ऐकलं ते सैन्याने, कारण पायाला फोड आलेला सैनिक कूच करू शकत नाही. अमेरिकन सैन्याचे डॉक्टर एडवर्ड मन्सन यांनी सुमारे २,००० सैनिकांचे पाय तपासले आणि १९१२ मध्ये त्यांच्या अभ्यासावरून रुंद चवड्याचा, आतली कड सरळ असलेला फर्मा सैन्याने स्वीकारला. मापाची पद्धतही त्यांनी बदलली: पाठीवर ४० पौंडांचं ओझं देऊन, सगळा भार एका पायावर टाकून माप घ्यायचं. भाराखाली पाय पसरतो. बसून घेतलेलं माप खोटं असतं.

आपल्या देशात हा प्रश्न अलीकडे मोजला गेला. चेन्नईच्या केंद्रीय चर्मसंशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात ७९ ठिकाणी एक लाखाहून अधिक लोकांच्या पायांची त्रिमितीय मापं घेतली. भारतीय पाय युरोप-अमेरिकेतल्या पायांपेक्षा रुंद आहेत, असं त्यातून दिसलं. त्यावरून भारतीयांसाठी 'भा' नावाची मापपद्धती सुचवण्यात आली. म्हणजे इतकी वर्षं आपण अरुंद पायांच्या नंबरांत आपले पाय कोंबत होतो, आणि चिमटा सुटावा म्हणून एक नंबर मोठा घेऊन लांबीत घसरत होतो.

आता काकांकडे येतो. तुमच्या-माझ्या पायाला चिमटा बसला तर आपण पाच मिनिटांत बूट काढतो. मधुमेहात पायाच्या नसा हळूहळू निकामी होतात आणि हा गजर बंद पडतो. उलट असे रुग्ण दुकानात घट्ट बूट पसंत करतात, कारण घट्ट असला तरच तो पायात 'जाणवतो'. काकांच्या तळव्याला मी नायलॉनचा बारीक तंतू टेकवला, त्यांना कळलाच नाही. अशा पायाची जखम चिघळली तर बोट, कधी पाय गमवावा लागतो.

या बधिर पायाचं शास्त्र जगाला बऱ्याच अंशी वेल्लोरने शिकवलं. डॉ. पॉल ब्रँड १९४६ मध्ये तिथल्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरुग्णांच्या पायाच्या जखमा रोगाने मांस सडल्यामुळे होत नाहीत, न जाणवणाऱ्या दाबामुळे होतात, हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. दाब वाटून घेणाऱ्या मऊ मायक्रोसेल्युलर रबराच्या चपला तिथून पुढे आल्या. एमसीआर चप्पल म्हणून आम्ही आज मधुमेहाच्या रुग्णांना लिहून देतो ती हीच. पाय फारच बिघडला असेल तर प्लास्टरमध्ये त्याचा साचा घेतात आणि त्यावर पादत्राण बनवतात. फर्मा पुन्हा एका माणसाचा होतो.

काकांना मी कोऱ्या कागदावर उभं केलं, दोन्ही पायांवर भार देऊन, संध्याकाळी, कारण तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. पेन्सिल सरळ धरून पायाची कड काढली. मग त्या आठ नंबरी बुटाचा इनसोल काढून त्यावर ठेवला. लांबीला जागा होती. करंगळीपाशी मात्र पेन्सिलची रेघ इनसोलच्या बोटभर बाहेर. तुम्हीही घरी हे करून पाहा, पाच मिनिटांचं काम आहे. तुमच्या पायाची रेघ जिथे इनसोलबाहेर जाते, तिथेच तुमची भोवरी किंवा घट्टा असण्याची शक्यता आहे.

जखम भरायला सात आठवडे लागले. आता काका खोल आणि रुंद चवड्याचा, वेलक्रोचा बूट वापरतात आणि रोज रात्री काकू त्यांचे तळवे बघतात. गेल्या वेळी निघताना त्यांनी विचारलं, "डॉक्टर, ते लेदरचे बूट नवेच आहेत. जावयांना दिले तर चालतील का? त्यांचाही नंबर आठच आहे."

म्हटलं, "आधी त्यांचा पाय कागदावर काढून आणा."