डब्याचे दूध (फॉर्म्युला): त्यात नेमके काय असते?

पहिले सहा महिने बाळाला आईचे दूध पुरेसे असते. आईचे दूध मिळणे शक्यच नसेल, तर डॉक्टर डब्याचे दूध सुचवतात. नाचणगावसारख्या गावात घरी गाय-म्हैस असते. मग महागडा डबा कशाला, असा प्रश्न पडतो. उत्तर दुधाच्या घटकांत आहे.

100 मिलीमधील घटक (अंदाजे)
- आईचे दूध: 67 कॅलरी, प्रथिने 1.1 ग्रॅम, स्निग्ध पदार्थ 4 ग्रॅम, साखर (लॅक्टोज) 7 ग्रॅम
- फॉर्म्युला: 60 ते 70 कॅलरी, प्रथिने 1.2 ते 1.5 ग्रॅम, स्निग्ध पदार्थ 3.5 ग्रॅम, साखर 7 ग्रॅम
- गाईचे दूध: 65 कॅलरी, प्रथिने 3.2 ग्रॅम, स्निग्ध पदार्थ 4 ग्रॅम, साखर 4.7 ग्रॅम

फॉर्म्युला बहुधा गाईच्या दुधापासूनच बनते. त्यातील प्रथिने व क्षार कमी करतात. वनस्पती तेले, लॅक्टोज, लोह आणि ड जीवनसत्त्व घालतात. आईच्या दुधातील रोगप्रतिकारक घटक व जिवंत पेशी मात्र त्यात नसतात.

गाईच्या दुधात पाणी घातले तर?
गाईच्या दुधातील जास्त प्रथिने व क्षारांचा ताण बाळाच्या मूत्रपिंडांवर येतो. लोहही फार कमी मिळते. निम्मे पाणी घातल्यास प्रथिने कमी होतात, पण कॅलरीही निम्म्या होतात. पोट भरते, वजन वाढत नाही. म्हणून एक वर्षाच्या आत वरचे दूध मुख्य आहार म्हणून देऊ नये.

डबा वापरताना
- पावडर आणि पाण्याचे प्रमाण डब्यावर लिहिल्याप्रमाणेच ठेवा. डबा जास्त दिवस पुरावा म्हणून पावडर कमी टाकल्यास कुपोषण होते. अतिपातळ दुधाने रक्तातील सोडियम घटून झटकेही येऊ शकतात.
- पावडर निर्जंतुक नसते. पाणी उकळून अर्ध्या तासाच्या आत, 70 अंशांपेक्षा जास्त गरम असतानाच मिसळा. मग कोमट करून पाजा.
- बाटलीपेक्षा वाटी-चमचा स्वच्छ ठेवणे सोपे. उरलेले दूध टाकून द्या.

जाहिरातीला बंदी
1992 च्या कायद्यानुसार भारतात शिशुदुग्धाची जाहिरात करता येत नाही आणि डब्यावर बाळाचे चित्र छापता येत नाही.

डॉक्टरांना केव्हा दाखवावे?
वजन वाढत नसेल, लघवी कमी होत असेल, जुलाब असतील किंवा बाळ सुस्त असेल, तर लगेच दाखवा. झटके आल्यास थेट रुग्णालय गाठा. दूध कमी येते असे वाटल्यास डबा आणण्याआधी आशाताई किंवा डॉक्टरांकडून पाजण्याची पद्धत तपासून घ्या. बरेचदा तेवढ्याने प्रश्न सुटतो.