परिवर्तक कळा
कळफलकावरील जी कळ स्वतः अक्षर उमटवीत नाही, परंतु तिच्याबरोबर दाबलेल्या दुसऱ्या कळेचा अर्थ बदलते, तिला परिवर्तक कळ म्हणतात. शिफ्ट, कंट्रोल व ऑल्ट या अशा परिचित कळा होत. इन्स्क्रिप्ट कळफलकावर ‘क’ची कळ शिफ्टसह दाबली असता ‘ख’ उमटतो. परिवर्तक कळ दाबलेली आहे किंवा नाही, हे आज्ञावलीला कसे समजते, याचे उत्तर यंत्रागणिक बदलत गेले आहे.

१८७४ मधील शोल्स व ग्लिडन टंकलेखन यंत्रावर इंग्रजीची केवळ मोठी अक्षरे होती. १८७८ च्या रेमिंग्टन क्र. २ या यंत्रात एकाच टंकदांड्यावर मोठे व लहान अशी दोन अक्षरे बसविण्यात आली. शिफ्ट दाबताच कागद धरणारा भाग सरके व दुसरे अक्षर उमटे. या सरकण्यावरूनच कळेला नाव मिळाले.

पाच बिटांच्या दूरमुद्रक संकेतात ३२ च संयोग असल्यामुळे ‘अक्षरे’ व ‘आकडे’ हे बदलसंकेतच तारेवरून पाठवावे लागत. त्यांपैकी एखादा वाटेत बिघडला, तर पुढील मजकूर निरर्थक होई. १९६३ मध्ये आलेल्या सात बिटांच्या अस्की संकेतामुळे हा बदल कळफलकातच पुरा होऊ लागला. ‘ए’ या मोठ्या अक्षराचा संकेतांक ६५, तर कंट्रोलसह त्याच कळेचा १. संगणकाकडे केवळ परिणाम पोहोचे. बोटे कोणत्या कळांवर होती, हे नव्हे. बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास घडविलेली सी भाषा याच परिसरातील आहे. तिच्या प्रमाणित फलनांनी अक्षरांचा प्रवाह वाचता येतो, कळेची स्थिती विचारता येत नाही.

१९८१ च्या आयबीएम वैयक्तिक संगणकाने ही व्यवस्था पालटली. त्याचा कळफलक कळ दाबताना एक क्रमांक व सोडताना त्यात १२८ मिळवून येणारा क्रमांक पाठवी. साहजिकच स्थितीची नोंद ठेवण्याचे काम संगणकाकडे आले. स्मृतीतील एका बाइटमध्ये उजवी शिफ्ट, डावी शिफ्ट, कंट्रोल व ऑल्ट यांना अनुक्रमे १, २, ४ व ८ ही मूल्ये होती. टर्बो सीमधील ‘बायोसकी’ या फलनास २ ही संख्या दिली की तो बाइट मिळे. त्यावर ३ या संख्येशी बिटवार ‘आणि’ ही क्रिया करून उत्तर शून्येतर आले, तर शिफ्ट दाबलेली आहे असे ठरे. चार-पाच ओळींत हे काम होई.

लिनक्सच्या स्थानिक अक्षरपटलावर अशी विचारणा एका प्रणाली-आवाहनाने करता येते. दूरच्या यंत्राशी अक्षरपटलाद्वारे जोडले असता मात्र ती निष्फळ ठरते, कारण तेथे पुन्हा केवळ अक्षरेच वाहतात.

ही माहिती कोणाला मिळावी, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. प्रत्येक कळ पाहू शकणारी आज्ञावली परवलीचे शब्दही टिपू शकते. म्हणून वेलँडसारख्या पद्धतीत कळांची वार्ता सामान्यतः वापरात असलेल्या खिडकीलाच दिली जाते. उलट, दोन कळा एकदम दाबू न शकणाऱ्या व्यक्तींसाठी प्रणालीच परिवर्तक कळेची स्थिती धरून ठेवते. अशा वेळी बोट कळेवर नसले, तरी कळ दाबलेली मानली जाते.